फ्युएल टेम्परेचर सेन्सरचा कोड आला? आधी मल्टीमीटर काढा

डिझेल गाडीची चेक लाइट लागते. मालक गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला नेतो, स्कॅनर जोडला जातो आणि स्क्रीनवर ‘फ्युएल टेम्परेचर सेन्सर’ अशी ओळ उमटते. पुढचं बोलणं ठरलेलं. “मामा, काय निघालं?” “शेन्सर गेलाय की. नवीन टाकायला लागतोय.” नवीन सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, गाडी घरी येते. आठवड्याभरात करूळचा घाट चढताना लाइट पुन्हा लागते. मग संशय पंपावर जातो, पंपावरून इंजेक्टरवर, तिथून ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, आणि दर संशयाला एक बिल.

हे टाळता येतं. स्कॅनरवरचा कोड सर्किटकडे बोट दाखवतो, त्यातल्या कुठल्या एका भागाकडे नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायरी, मधले कपलर (वायरी जोडणारे प्लग), अर्थिंग आणि ईसीयूच्या आतलं टोक. यातलं नेमकं काय बिघडलंय ते स्कॅनरला कळत नाही. ते व्होल्ट आणि ओहम मोजणारा साधा मल्टीमीटर सांगतो, आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. वायरिंगवाल्याकडे मल्टीमीटर असतोच. तो बाहेर काढायला लावणं मालकाच्या हातात आहे.

डिझेलचं तापमान मोजायचं कशाला?

आजच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. हाय प्रेशर पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवतो. हा दाब १,६०० बार, काही इंजिनांत २,००० बारपर्यंत जातो. तिथून ईसीयूच्या हुकमाने इंजेक्टर क्षणभर उघडतात आणि डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातं. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परततं. एवढा दाब सोसून आणि गरम इंजिनाच्या अंगावरून फिरून आल्यामुळे ते चांगलंच तापलेलं असतं.

तापलेलं डिझेल फुगतं. १० अंशांनी तापमान वाढलं की आकारमान सुमारे ०.८ टक्क्याने वाढतं. सकाळी २० अंशांवर असलेलं डिझेल महामार्गावर ७० अंशांवर पोचलं, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ४ टक्के कमी डिझेल बसतं. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा ठेवला तरी सिलिंडरमध्ये पोचणारं इंधन वजनाने कमी भरतं. ही तूट भरून काढायला ईसीयूला तापमान कळावं लागतं.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे, आणि गॅरेजमध्ये त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गुऱ्हाळावर गरम काकवी पळीतून सरसर ओघळते आणि गार झाली की तीच तार धरते. डिझेलचंही थोड्या प्रमाणात तसंच होतं. तापलं की पातळ होतं. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलच काम करतं. ते फार पातळ झालं की धातूवर धातू घासायला लागतो. म्हणून इंधन ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की ईसीयू स्वतःहून रेलचा दाब आणि इंजिनाची ताकद कमी करतो. चालकाला वाटतं पिकअप मेला. प्रत्यक्षात गाडीने महागडा पंप वाचवलेला असतो.

युरोपातल्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, त्यामुळे तिथे कमी तापमानाची चिंता जास्त. आपल्याकडे ती जवळजवळ नाहीच. आपला प्रश्न उन्हाळ्याचा आहे: मे महिना, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि आंबा घाट किंवा करूळ घाटाची चढण. त्यात टाकी तळाला गेलेली असेल तर आणखी वाईट, कारण तेच थोडं डिझेल पुन्हा पुन्हा इंजिनाकडून गरम होऊन येतं आणि त्याला निवायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात कोकणातून घाट चढून परतायचं असेल तर निघताना टाकी अर्ध्याच्या वर असलेली बरी.

दोन वायरी आणि एक मणी

सेन्सर म्हणजे पितळी किंवा प्लास्टिकच्या बोटभर तुकड्याच्या टोकात बसवलेला थर्मिस्टर नावाचा छोटा मणी. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. अनेक गाड्यांत दिसणाऱ्या बॉशच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ४० अंशांना १,२०० च्या आसपास आणि ८० अंशांना जेमतेम ३२० असतो. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, पण उतरण अशीच राहते. थंड असताना आकडा झपाट्याने घसरतो, गरम झाल्यावर हळूहळू.

ईसीयू हा रोध थेट मोजत नाही. तो स्वतःच्या आतल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरच्या टोकाशी किती व्होल्टेज उरलं ते बघतो. आतला रोध २,००० ओहम धरला, तर २० अंशांना साधारण २.८ व्होल्ट उरतात, ४० अंशांना १.९ आणि ८० अंशांना ०.७. थंड म्हणजे जास्त व्होल्टेज, गरम म्हणजे कमी. हे एवढं डोक्यात बसलं की सगळे कोड आपोआप उलगडतात.

वायर तुटली किंवा कपलर निसटला तर वीज सेन्सरपर्यंत पोचतच नाही आणि ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. त्याच्या हिशोबाने हे डिझेल उणे ४० अंशांवर आहे. हा कोड पी०१८३, सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. उलट वायरीचं कव्हर घासून आतली तार इंजिनाच्या लोखंडाला टेकली, तर व्होल्टेज शून्यावर येतं आणि ईसीयूला डिझेल उकळत असल्यासारखं दिसतं. हा पी०१८२, व्होल्टेज कमी. पी०१८४ म्हणजे संपर्क मध्येच जातोय, मध्येच येतोय. याच्यामागे कपलर किंवा वायर असण्याची शक्यता सर्वात जास्त. पी०१८० ही सर्किटबद्दलची सर्वसाधारण तक्रार. पी०१८१ चा मामला वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

कोड दिसला की आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान वगैरे काय होतं याची नोंद. “रिसेट मारून देतो” म्हणून कोड पुसला की ही नोंदही जाते. बिघाड थंड इंजिनावर आला की घाट चढताना, पावसात की खड्ड्यातून जाताना, हे कळलं तर शोध निम्म्यावर येतो. न विचारता रिसेट मारणाऱ्याला मी तरी थांबवतो.

सकाळची तपासणी

सर्वात सोपी आणि सर्वात उपयोगी तपासणी सकाळी होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची इग्निशन चालू करा, इंजिन चालू करू नका. स्कॅनरवर कूलंट, आत येणारी हवा आणि इंधन यांची तापमानं शेजारी शेजारी बघा. रात्रभर सगळं एकाच हवेत निवलेलं असतं, त्यामुळे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, पाचेक अंश इकडेतिकडे. कूलंट २२, हवा २३ आणि इंधन उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलेलं आहे. इंधन ५५ दिसलं तर सेन्सर किंवा त्याचं सर्किट खोटं सांगतंय.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ब्लूटूथवाले स्वस्त स्कॅनर कोड वाचतात, पण इंधनाचं तापमान प्रत्येक गाडीत दाखवतीलच असं नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचा पूर्ण डेटा वाचणारा स्कॅनर लागतो. आणि बिघाड पक्का नोंदल्यावर काही ईसीयू सेन्सरचं म्हणणं बाजूला ठेवून स्वतःचा एक ठरावीक आकडा धरून चालतात. मग स्क्रीनवर तापमान अगदी शहाण्यासारखं दिसतं आणि कोड मात्र जात नाही. अशा वेळी तापमानाऐवजी व्होल्टेज बघायचं.

या ठरावीक आकड्यामुळेच बऱ्याच गाड्यांत चेक लाइटखेरीज काहीच जाणवत नाही. काहींत सकाळी स्टार्ट घ्यायला वेळ लागतो, ॲव्हरेज थोडं पडतं, चढाला जोर कमी वाटतो. पण भसाभसा काळा धूर, इंजिन रस्त्यात बंद पडणं, जोराची मिसिंग, असं काही होत असेल तर त्याचं खापर या सेन्सरवर फोडू नका. रेल प्रेशर, हवेच्या नळ्या, टर्बो आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा.

मल्टीमीटरचं काम

सेन्सर गाडीनुसार बहुधा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो: डिझेल फिल्टरच्या डोक्यावर, रिटर्न लाइनमध्ये किंवा थेट हाय प्रेशर पंपावर. फिल्टरवर असेल तर शेजारी डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर आणि कधी हीटरही असतो. हीटरच्या वायरी जाड असतात आणि त्यांत १२ व्होल्ट असतात, त्यामुळे कुठला कपलर कशाचा आहे याची खात्री करूनच हात घाला.

इग्निशन बंद करून कपलर काढा आणि भर उजेडात आत बघा. कोल्हापूरच्या गाड्यांत इथेच बरंच काही सापडतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क भागांत कितीतरी गाड्या पाण्यात राहिल्या. इंजिन धुऊन, ऑइल बदलून त्या चालू झाल्या, पण कपलरच्या आत गेलेलं गाळपाणी तिथेच राहिलं. त्याचा परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतो: पिनवर हिरवट कळंक चढतो, एखादी पिन इतकी पातळ होते की कपलर जोडला तरी आतून टेकत नाही. जुनी गाडी घेतली असेल आणि असे विजेचे बारीकसारीक कोड फिरून फिरून येत असतील, तर कपलरच्या रबरी सीलमागे वाळलेला गाळ आहे का ते बघाच. दुसरा नेहमीचा गुन्हेगार उंदीर. पावसाळ्यात कोरड्या, उबदार बॉनेटखाली तो मुक्कामाला येतो आणि वायरी कुरतडतो. हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, वरच्या बाजूला काही दिसत नाही, खालून बोट फिरवलं की उघडी तार लागते.

आता इग्निशन चालू करा आणि काढलेल्या कपलरच्या हार्नेसकडच्या दोन पिनांमध्ये मीटर लावा. ५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. आला, तर ईसीयू, सिग्नलची वायर आणि अर्थिंगची वायर तिन्ही जाग्यावर आहेत आणि संशय सेन्सरवर जातो. नाही आला, तर मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक एकेका पिनेला लावून बघा. आता ५ व्होल्ट मिळाले म्हणजे सिग्नलची वायर ठीक, अर्थिंगची तुटली. तरीही मिळाले नाहीत तर सिग्नलची वायर तुटलीय किंवा कुठेतरी लोखंडाला टेकलीय. १२ व्होल्ट मिळाले तर एक तर तुम्ही चुकीच्या कपलरवर आहात किंवा १२ व्होल्टची दुसरी एखादी वायर आत हिला चिकटलीय. थांबा आणि वायरिंगचा नकाशा काढा.

खात्री करून घ्यायची आणखी एक युक्ती आहे. सेन्सर सुटा आणि इग्निशन चालू असताना स्कॅनरवर तापमान उणे ४० च्या आसपास दिसायला हवं. मग हार्नेसच्या त्या दोन पिना छोट्या तारेने जोडल्या की आकडा उसळी मारून शंभराच्या वर जायला हवा. दोन्ही टोकांना आकडा असा हलला, तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष. पण हे फक्त दोन पिनांच्या कपलरवर, आणि तेही आधी ५ व्होल्ट मोजून झाल्यावरच करायचं. तीन किंवा चार पिना असतील तर तो दाब आणि तापमान एकत्र मोजणारा सेन्सर असू शकतो, आणि त्यातली भलतीच पिन जोडली तर नुकसान होतं.

एक विनंती: वायरीत टाचणी टोचून व्होल्टेज बघू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तार आतून सडते. मीटरचं टोक कपलरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने सरकवता येतं.

राहिला सेन्सर. तो सुटा काढून चहाच्या पातेल्यात तपासता येतो. मीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं सेन्सरच्या पिनांना क्लिपने पकडा आणि गार असतानाचा आकडा लिहून घ्या. मग फक्त धातूचं टोक पाण्यात बुडेल, पिना कोरड्या राहतील असा सेन्सर धरा आणि पाणी तापवत जा. सोबत स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर उत्तम. आकडा २,२०० वरून १,८००, १,२००, ७०० असा अखंड उतरत जायला हवा. मध्येच तो गायब झाला, एकदम उडी मारली किंवा पाणी वाफाळलं तरी हजारावरच अडून राहिला, तर सेन्सर खरोखर गेलाय. आता बिनधास्त नवा घ्या. आणि नवाही बसवण्याआधी मीटरवर मोजा, कारण डब्यातून निघालेला प्रत्येक सेन्सर बरोबरच असतो असं नाही. परत गाडीत बसवायचा सेन्सर मात्र पूर्ण कोरडा करून बसवा, पाण्याचा थेंबही डिझेलमध्ये जाता कामा नये.

दुरुस्ती

कपलर खराब असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपरने पिन घासली की वरचा मुलामा जातो आणि कळंक दुप्पट वेगाने परत येतो. पिन खाल्लेली असेल तर कपलरच बदला, नवा वायरीसकट मिळतो. तुटलेली वायर पीळ देऊन काळी टेप गुंडाळू नका. इंजिनाच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि सांधा उघडा पडतो. नीट सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवली की तो सांधा वर्षानुवर्षं टिकतो.

सेन्सर बदलायचा असेल तर आधी इंजिन बंद करून निवू द्या. सेन्सर कमी दाबाच्या बाजूला असला तरी शेजारच्याच नळ्यांत प्रचंड दाब असतो. चालू इंजिनाची हाय प्रेशर नळी सैल करणं किंवा गळती हाताने चाचपणं जिवावर बेतू शकतं. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

स्वच्छतेत कसर करू नका. सेन्सर उघडण्याआधी भोवतालची धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, कारण आत गेलेला वाळूचा एक कण इंजेक्टर खराब करू शकतो. खाली ट्रे ठेवा. ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर नवाच घाला. फिल्टरचं डोकं प्लास्टिकचं असेल तर पान्यावर जोर देऊ नका, आटे गेले की अख्खं हाउसिंग बदलावं लागतं. शेवटी हँड पंपाने एअर काढा, इंजिन चालू करून गळती तपासा आणि मग कोड पुसा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तापमानांची तपासणी पुन्हा करा. काम झालंय की नाही याचा खरा पुरावा तोच.

काही ठिकाणी सेन्सर बदलण्याऐवजी त्याच्या जागी ठरावीक ओहमचा रेझिस्टर लावून देतात. लाइट जाते, मालक खूश होतो. पण त्या दिवसापासून ईसीयूला डिझेल कायम ४० अंशांवर आहे असंच वाटतं. घाटात ते खरोखर जास्त तापलं तरी पंपाला वाचवणारा बंदोबस्त जागा होत नाही. असं काम कुणी स्वस्तात करून देत असेल तरी करून घेऊ नका, आणि जुनी गाडी घेताना सेन्सरच्या कपलरमागे असा तुकडा लपवलेला नाही ना ते पाहा.

सेन्सर खरं सांगत असेल तर

पी०१८१ म्हणजे व्होल्टेज मर्यादेत आहे, पण आकडा पटण्यासारखा नाही. कधी सेन्सर म्हातारा होऊन चुकीचा आकडा देतो. पातेल्यातल्या चाचणीत ते कळतं. पण सेन्सर चाचणीत पास झाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. डिझेल खरंच तापलेलं असू शकतं. रिटर्नची नळी कुठे दबली आहे का, फिल्टर तुंबलाय का ते बघा. इंजेक्टर आतून गळत असतील तर गरम डिझेल भरमसाट परत येतं. त्यासाठी प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळी आणि बाटली लावून कोण किती परत सोडतो ते मोजतात. एकाचीच बाटली इतरांच्या कितीतरी आधी भरली, तर दुखणं तिथे आहे.

सीएनजीवाल्यांनाही हेच तंत्र चालतं. सिक्वेन्शियल किटमध्ये रिड्यूसरवर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसच्या रेलपाशी असेच थर्मिस्टर असतात. रिड्यूसर पुरेसा गरम झाल्याशिवाय किट पेट्रोलवरून गॅसवर जात नाही. त्या सेन्सरचं सर्किट तुटलं की किटला रिड्यूसर गारच वाटतो आणि गाडी दिवसभर पेट्रोल पिते. मल्टीमीटरने तपासायचा क्रम तोच. गॅसच्या नळ्या मात्र परवानाधारक फिटरशिवाय कुणालाही उघडू देऊ नका.

काही गाड्यांत सेन्सर पंपाचाच भाग असतो आणि सुटा मिळत नाही. अशा गाडीला ‘पंप बदला’ असा सल्ला मिळाला, तर होकार देण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून मागा: कपलरवर किती व्होल्ट आले, गार सेन्सरचा रोध किती ओहम होता आणि गरम झाल्यावर किती झाला. हे आकडे देता येत नसतील तर तपासणी झालेलीच नाही. गाडी दुसऱ्या वायरिंगवाल्याकडे न्या.